डॉल्फिन मासा नाही

बारावीला मी जीवशास्त्रात नापास झाले आणि म्हणून बोनकोड्याच्या बालवाडीत शिकवायला लागले. लिहिताना हे विचित्र वाटतं, पण झालं ते असंच. निकालाच्या दिवशी आई चुलीशीच बसून राहिली. तिने नेहमीपेक्षा जोरात भाकऱ्या थापल्या, एवढंच. आमचं घर कोपरखैरण्याला, माथाडी कामगारांच्या वसाहतीत. एक खोली, मागे मोरी, पुढे हातभर ओटा. भिंती इतक्या पातळ की शेजारच्या स्टोव्हला पिन मारली की आमच्याकडे कळायचं. आण्णा कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी वाहायचे. घरी आले की ओट्यावर उभं राहून सदरा झटकायचे आणि कांद्याच्या लालसर साली वाऱ्यावर उडायच्या. कोरेगावकडून गावाच्या टेम्पोतून ज्वारी यायची, घेवडा यायचा, आणि घेवड्याच्या आमटीचा वास आला की आम्ही अजून साताऱ्यातच आहोत असं आईला वाटायचं. मुंबईच्या एवढ्या जवळ राहून तिने समुद्र पाहिला नव्हता. मीही एकदाच पाहिला होता, शाळेच्या सहलीत, लांबून.

निकालानंतर चारच दिवसांत आत्याचा निरोप आला. तिच्या दिरांच्या ओळखीतलं स्थळ होतं. साखर कारखान्यात नोकरी, विहिरीवर मोटर. आईला ते पसंत होतं. आण्णा म्हणाले, "ऑक्टोबरात पोरगी परत बसंल. पास झाली तर शिकंल, न्हाय झाली तर मग बघू." मला वाटलं होतं की ते माझ्या बाजूचे आहेत. आता कळतं, ते कुणाच्याच बाजूचे नव्हते, त्यांना फक्त चार महिने हवे होते. त्या चार महिन्यांत घरात बसून डोकं खाऊ नको म्हणून त्यांनीच कुणाला तरी विचारून मला बालवाडीत चिकटवलं.

बालवाडी एका महिला मंडळाची होती. मंडळाच्या नीलाताई वाशीला राहायच्या, आठवड्यातून एकदा रिक्षाने यायच्या, आणि आल्या की आधी रुमालाने खुर्ची पुसायच्या. बोनकोडे गावात देवळाच्या मागे पत्र्याची एक खोली होती, तिथे मी आणि सोळा मुलं. नऊ गावातली, सात आमच्या वसाहतीतली. गावातल्यांची भातशेती, मिठागरं जाऊन बरीच वर्षं झाली होती. कुणी चाळी बांधून भाड्याने दिल्या होत्या, कुणी कंपनीत लागलं होतं, पण दोन-चार घरं अजून खाडीवर जायची. खोलीच्या बाहेरच दोरीवर मासळी वाळत असायची. पहिल्या दिवशी मी ओढणी नाकाला लावली आणि ते नऊच्या नऊ मुलांनी पाहिलं. चार वर्षांच्या मुलांच्या नजरेतून काही सुटत नाही. मुलं दोन चटयांवर वेगवेगळी बसायची. त्या चटईवरून या चटईला "घाटी" आणि या चटईवरून त्या चटईला "मच्छीवाले" असं चालायचं. हे शब्द त्यांचे नव्हते, घरून डब्यासारखे भरून आणलेले होते.

गणपती उठल्यावर नीलाताईंनी एक पुस्तक आणलं. इंग्रजी, गुळगुळीत कागदाचं, पानापानावर डॉल्फिन. निळेशार, चकचकीत, तोंडभर हसणारे. "दिवाळीच्या आधी आपल्या सगळ्या बालवाड्यांचं प्रदर्शन आहे," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे विषय समुद्र. डॉल्फिनवर काहीतरी कर. गोड प्राणी आहे, पाहुण्यांना आवडेल." मी पुस्तक घरी नेलं. डिक्शनरी घेऊन बसले, पण चित्रांखालचं मोठं अक्षर तेवढं वाचलं, बारीक मजकूर सोडून दिला. बारावीचं पुस्तकसुद्धा मी असंच वाचलं होतं.

पण पोरांबरोबर जे केलं त्यात मजा होती हे कबूल करायला हवं. आण्णांनी मार्केटातून फाटकी गोणपाटं आणून दिली. ती शिवून, पेंढा भरून आम्ही एक मोठा डॉल्फिन केला, शेपटीकडे जरा वाकडा. त्यावर सोळा जणांनी चुरगाळलेले वर्तमानपत्राचे तुकडे खळीने चिकटवले आणि वर निळा रंग दिला. खळ डोक्याला, कोपरांना, एकमेकांच्या पाठीला लागली. आईचं जुनं हिरवं लुगडं मागून आणलं. दोघा-दोघांनी चार कोपरे धरून ते हलवायचं, तो समुद्र. बाकीच्यांनी खालून सरपटत जायचं, दम संपला की लुगड्याच्या कडेने डोकं बाहेर काढून "फूऽऽ" करायचं आणि परत आत. लुगड्याखाली कोण घाटी आणि कोण मच्छीवाला ते दिसायचं नाही. दोन चटया कधी एकत्र झाल्या ते माझ्याही लक्षात आलं नाही.

त्या मुलांत वैशू होती. सव्वाचार वर्षांची, कपाळावर झिपऱ्या, सगळ्यात आधी बोलणारी. तिची आई कमळ खाडीवर चिखलातले निवट्या मासे आणि खेकडे धरायला जायची आणि तशीच, गुडघ्यापर्यंत वाळलेल्या चिखलाने, डोक्यावर टोपली घेऊन मुलीला न्यायला यायची. एक दिवस ती दारात उभी राहून आमचा निळा डॉल्फिन बघत होती. मी पोरांकडून म्हणून घेत होते, "डॉल्फिन हा एक हुशार मासा आहे."

कमळने टोपली खाली ठेवली. "बाई, तुमी कवा पाह्यलाय का याला?"

"पुस्तकात आहे ना."

"यो निला नाय हो. राखाडी असतो, म्हशीच्या पारड्यावानी. आमचा सासरा याला गादा बोलायचा. आनी यो मासा नाय."

मी हसले. मुलांसमोर बाईंची चूक काढते म्हणून रागही आला. "पाण्यात राहतो, पोहतो, मग मासा नाही तर काय?"

"त्याची आय पिल्लाला दूध पाजतं," कमळ म्हणाली. "मासा कवा दूध पाजतो का?" आणि वैशूचा हात धरून ती निघून गेली.

घरी जाऊन मी तो बारीक मजकूर वाचला. दुसऱ्याच ओळीत तो शब्द होता. डिक्शनरीत त्याचा अर्थ होता सस्तन. सस्तन प्राणी हा धडा मी बारावीत पाठ केला होता, त्यावर प्रश्न आला होता, मी उत्तर लिहिलं होतं, आणि तरीही माझ्या डोक्यात डॉल्फिन मासाच होता. भाकरी थापणाऱ्या आईला मी म्हटलं, "आई, मी नापास झाले ते बरोबरच झालं." ती म्हणाली, "असं तिन्हीसांजंला बोलू नये."

दुसऱ्या दिवशी मी मुलांना सांगितलं की बाईंचं चुकलं होतं. सोळा जण माझ्याकडे टकामका बघत राहिले. मोठ्या माणसाने चुकलं म्हणणं त्यांना बहुतेक नवीन होतं. मग मी कमळला आत बोलावलं. ती आधी नको म्हणाली, पाय चिखलाचे आहेत म्हणाली, मग उंबऱ्यातच बसली आणि सांगू लागली. गादा खाडीत रोज येत नाही, भरतीच्या पाण्याबरोबर कधीतरी वाट चुकल्यासारखा येतो. श्वास सोडतो तेव्हा फूस्स असा आवाज होतो, धुक्यात होडीच्या शेजारी झाला तर छातीत धस्स होतं. वैशूच्या बापाचं जाळं त्याने दोनदा फाडलं होतं आणि तिच्या बापाने त्याला काय काय शिव्या दिल्या ते तिने पोरांना सांगितलं नाही, पण पोरांना कळलं आणि पोरं खूप हसली. पुस्तकात डॉल्फिन माणसाचा मित्र होता. कमळच्या सांगण्यात तो मित्र नव्हता, शत्रूही नव्हता. त्याचं पोट होतं, यांचं पोट होतं, आणि खाडी एकच होती. पुढे तीस वर्षं मी शाळेत शिकवलं, पण मुलं तितकी गप्प बसून ऐकतायत असं फार वेळा पाहिलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवस झाले असतील. नवरात्र तोंडावर होतं. सकाळी बालवाडी भरल्याबरोबर वैशू ओरडतच आली, "बाई, बांधाकडं गादा आलाय! मेलेला!" गावातल्या दोन बायकांनीही तेच सांगितलं. भरतीबरोबर आलेलं धूड ओहोटीला गाळातच अडकलं होतं. मग काय, सगळी पोरं दाराशी. बाई, चला ना. बाई, बघू या ना. कुणाला तरी विचारायला हवं होतं. विचारण्यासारखं गावात दहा माणसं होती. मी विचारलं नाही. मला वाटलं, बारीक मजकूर न वाचता मी त्यांना खोटा डॉल्फिन दिला, आता खरा बघू दे त्यांना. आणि खरं सांगायचं तर मलाच बघायचा होता.

लुगड्याची दोरीसारखी घडी करून तिला धरून सोळा जण ओळीने निघाले. गाव संपलं, मग गुडघाभर गवत, मग तिवरांची झाडं, आणि त्यांच्यामधून जाणारा मातीचा जुना बांध. तिवरांखाली चिखलात बारीक टकटक आवाज येत होते, खेकडे बिळात शिरत असावेत. बांधाच्या टोकापासून दहा-बारा पावलांवर तो पडला होता. मला वाटला होता त्यापेक्षा लहान, आमच्या गोणपाटाच्या डॉल्फिनहूनही लहान. राखाडी. पाठीवरची कातडी जागोजागी सोललेली, आणि एका बाजूला लांब जखम, होडीच्या पंख्याची असेल. वास होता. मी ओढणी नाकाला लावली नाही.

मुलं एकमेकांना चिकटून उभी राहिली. मग वसाहतीतला संदीप हळूच म्हणाला, "बाई, मेलाय तरी हसतोय."

खरंच, तोंडाची ती वळणदार रेघ तशीच होती. पुस्तकातल्या प्रत्येक पानावर होती तशीच. मी म्हटलं, "तो हसत नाहीये बाळा. त्याचं तोंडच तसं असतं." आणि म्हणताना माझ्या लक्षात आलं की मग पुस्तकातलेही हसत नव्हते. मी त्या विचारात होते, त्याच्या तोंडाकडेच बघत होते, आणि तेवढ्यात वैशूने लुगडं सोडलं. बांधावरच्या रानफुलांचा झुबका तिच्या हातात होता. तो तिला त्याच्याजवळ ठेवायचा होता. ती खाली उतरली, चार पावलं गेली, आणि पाचव्या पावलाला मांडीपर्यंत आत गेली.

ती आधी हसली. मग पाय निघेना म्हणून वळून माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. मी पोरांना "कुणी हलायचं नाही" असं ओरडून तिच्याकडे धावले. तिच्यापर्यंत पोचायच्या आतच मी कमरेपर्यंत रुतले. तो गाळ साताऱ्याच्या चिखलासारखा नव्हता. तो थंड होता, त्याला तळ नव्हता, आणि पाय उचलायला जावं तर दुसरा पाय अजून खाली ओढला जायचा. माझी बोटं वैशूच्या बोटांना लागत होती, पण धरता येत नव्हती. बांधावर पंधरा पोरं रडत होती. आणि पलीकडे, तिवरांच्या मुळांमधून, पाण्याची एक पातळ चकचकीत जीभ आमच्याकडे सरकत येत होती. भरती लागली होती. त्या पाण्याच्या आवाजाची मला अजूनही कधी कधी आठवण येते. आवाज जवळजवळ नव्हताच.

मुलांचं रडणं कमळने ऐकलं. ती खालच्या अंगाला खेकडे धरत होती. तिवरांतून ती येताना मी पाहिली, तेव्हा ती चालत नव्हती, गाळावर पोटाने सरकत येत होती, टोपली पुढे ढकलत, आणि ओरडत होती, "हलू नको! बाई, हलू नको! आडवी पड! मागं पड, हात पसर!" मला वाटलं ही मला बुडायला सांगते आहे. तरी मी पाठीवर पडले, हात पसरले, आणि गाळाने मला धरायचं थांबवलं. कमळने टोपली उलटी करून तिच्यावर छाती टेकली, वैशूच्या काखांत हात घातले आणि मुळा उपटावा तसं हळूहळू तिला ओढून काढलं. तिला बांधावर टाकलं. मग लुगड्याचं एक टोक माझ्याकडे फेकलं, दुसरं तिवराला गुंडाळून ती मागे रेलली, आणि बांधावरच्या पोरांनाही लुगडं धरून ओढायला लावलं.

मी वर आले तेव्हा पाणी आमच्या पायखुणांमध्ये भरलं होतं. कमळने वैशूला एक थापड मारली, मग तिला छातीशी धरलं, मग खाली ठेवून माझ्यापुढे आली आणि मलाही मारली. सणसणीत. घरात मला कुणी कधी तशी मारली नव्हती. सगळी मुलं बघत होती. परत येताना पोरं माझ्या ओल्या हाताला धरून चालत होती.

त्याच दिवशी दुपारी देवळासमोर माणसं जमली. नीलाताईंना निरोप गेला होता, त्या आल्या होत्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, "राजीनामा लिहून दे, म्हणजे प्रकरण मिटेल." गावातला एक जण म्हणाला, "घाटी पोरीला खाडी काय माहीत? आमची पोरां मारायला ठेवली हाय का?" आमच्या वसाहतीतल्या बायका त्यावर उठल्या, आणि सकाळी पोरं एका लुगड्याला धरून चालली होती ते सगळं आता तुटणार असं मला दिसलं. आण्णा मार्केटातून तसेच आले होते, डोक्याला गमछा, खांद्यावर गोणीचे वळ. त्यांनी हात जोडले. "पोरीची चूक हाय. म्या न्हाय म्हणत न्हाय. तुमी सांगाल ती शिक्षा." त्यांना तसं उभं पाहून मला वाटलं, गाळातच राहिले असते तर बरं. मी उठले आणि म्हटलं, "चूक माझी आहे. मी कुणाला विचारलं नाही. आणि जिथे नेलं ती जागा मला माहीत नव्हती."

कमळ मागे बायकांत बसली होती. ती उठली. "थापड मी दिली हाय तिला. आता दुसऱ्या कोनी द्याची नाय." माणसं हसली नाहीत, पण जरा सैल झाली. ती म्हणाली, "पोरां खाडीला जातीलच. आज बाईबरोबर गेली, उद्या एकटी जातील. माजी पोर बाईनं नाय बुडवली, मीच बुडवली. मी तिला खेकडा कसा धराचा ते शिकवला, चिखलात पडल्यावर काय कराचा ते नाय शिकवला. ही पोरगी माज्या पोरीच्या मागं आत गेली, तिला पवाला बी येत नाय." मग माझ्याकडे वळून, "तुला ऱ्हावाचा हाय का जावाचा हाय?"

"राहायचंय," मी म्हटलं.

नीलाताईंनी राजीनाम्यासाठी आणलेला कोरा कागद पर्समध्ये ठेवला. गावाने अट घातली की पोरांना खोलीबाहेर न्यायचं तर गावातली एक बाई आणि वसाहतीतली एक बाई बरोबर हवी. पुढच्या आठवड्यात कमळने देवळामागच्या मोकळ्या जागेत पाणी ओतून चिखल केला आणि सोळा जणांना आडवं पडायला, हात पसरायला, ओरडायला शिकवलं. मी सतरावी. आई बघायला आली होती. मी चिखलात लोळताना पाहून तिने कपाळाला हात लावला, आणि पदर तोंडाला लावून हसली.

माणसं जमली त्या दिवशी देवळासमोरून घरी येताना आण्णांनी एवढंच विचारलं, "तो प्राणी दूध पाजतो म्हणं?" मी हो म्हटलं. "मंग तेवढं नीट वाच. स्थळाचं आत्याला म्या कळवतो." ऑक्टोबरात मी पास झाले, जेमतेम, पण झाले. त्यानंतर डीएड केलं. आता मी खारघरला मुलाकडे राहते. नातवाला फोनवर डॉल्फिन उड्या मारताना दिसतात, आणि तो विचारतो की आजी, तू खरा पाहिलास का. मी हो म्हणते. पुढचं अजून सांगितलेलं नाही.

प्रदर्शनासाठी मुलांनी चित्रं काढली. मी रंग ठेवले होते, निळाही ठेवला होता, पण त्याला कुणी हात लावला नाही. त्यांनी चुलीतली राख मागितली, खळीत कालवली आणि राखाडी डॉल्फिन काढले. कुणी त्याला जखम काढली, कुणी तिवरं काढली. वैशूने तीन माणसं काढली, तिघीही आडव्या. नीलाताई आदल्या दिवशी येऊन म्हणाल्या, "हे मेलेले प्राणी कशाला? पाहुणे येणार आहेत. तो निळा ठेव, ही चित्रं काढून टाक." मी म्हटलं, "निळा ठेवते, ताई. पण चित्रं राहतील." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि खुर्ची न पुसताच बसल्या.

प्रदर्शनाला आण्णा आले, कामावरून थेट. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून चित्रांखालच्या माझ्या चिठ्ठ्यांकडे न बघता ते नुसतेच भिंतीशी उभे राहिले. वैशूने त्यांचं बोट धरलं आणि एकेका चित्रापुढे नेऊन सगळं सांगितलं. यो मासा नाय. याला नाक डोक्यावर असतं. यो हसत नाय, त्याचं तोंडच तसं हाय. आण्णा उकिडवे बसून ऐकत होते, एवढं लक्ष देऊन की मला त्यांच्याकडे बघवेना.

"बारका होता व्हय गं?" त्यांनी विचारलं.

"पिल्लू होतं."

"मंग त्याची आई कुठं हाय?"

वैशूने त्यांचं बोट सोडलं नाही. चित्राकडे बघून तिने थोडा विचार केला. "ती बगते हाय त्याला," ती म्हणाली. "खाडीत."

आण्णांनी मान हलवली. मी शेजारीच उभी होते, आणि तिचं उत्तर मी दुरुस्त केलं नाही.